यांच्याबरोबर कोण आहे?

लिंबाजी बप्पा, माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं मला आजवर तीनदा विचारलं गेलं. एकदा पदवी मिळाल्यावर तालुक्याला छोटासा सत्कार झाला तेव्हा. एकदा नोकरीच्या मुलाखतीत. एकदा लग्न ठरताना, सासऱ्यांनी. तिन्ही वेळा मी आई-वडिलांचं नाव घेतलं, मग शिक्षकांचं. ते खोटं नव्हतं. पण पहिलं नाव तुमचं यायला हवं होतं. ते घेतलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, हे कोण? मग सांगावं लागलं असतं की नेकनूरकडच्या आमच्या वस्तीवर मेंढ्या राखणारे, अक्षरओळख नसलेले एक गृहस्थ. आणि तिसऱ्या वेळी तर एवढं सांगितल्यावर ती पुण्यातली संध्याकाळही सांगावी लागली असती. म्हणून मी ते नाव गिळत राहिलो. आज घेतो. लिंबाजी बप्पा.

तुमचं तेरावं करून मी पुण्याला परत आलो त्याला चार दिवस झाले. कामावर जातो, जेवतो, बसमध्ये बसतो, पण सगळं जरा लांबून चाललंय असं वाटतं. काल दुपारी ऑफिसात पंखा फिरत होता, समोर फायली होत्या, आणि मला आपला माळ दिसला. ऊन तापलेलं. मेंढरं बाभळीच्या सावलीला एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी घालून उभी. तुम्ही घोंगड्यावर डोळे मिटून बसलेले, आणि फक्त ओठ हलत होते. अनोळखी माणसाला वाटायचं, म्हातारा देवाचं नाव घेतोय. मला माहीत असायचं, दुसरा अंक चालू आहे.

ट्रॉलीचा दिवस तुम्हाला आठवत असेलच. दिवाळी झाली की आपल्या वस्तीवरची निम्मी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जायची. त्या वर्षी मी नववीत होतो. आजी वारली होती, त्यामुळे मला मागे ठेवायला घर उरलं नव्हतं. आईनं भांडी पोत्यात भरली, वडील म्हणाले, "ह्याला बी घ्या. कोयता धरायच्या वयाचा झालाय आता." मी दप्तर घरात टाकून ट्रॉलीत चढलोही होतो. तेवढ्यात तुम्ही आलात. तुम्ही आमच्या नात्यातले नाही, भावकीतले नाही. काठी ट्रॉलीला टेकवली आणि वडलांना म्हणालात,

"किसना, हे पोरगं मला दी."

"कावून? मेंढरामागं पायजे का?"

"मेंढरं मपली मला वळखतेत. नाटक वाचायला पायजे. गुर्जीची बदली झाली. आता जत्रंत मागून सांगनार कोन?"

"म्हंजी तुमी सांगनार? तुमाला वाचता येतंय का बप्पा?"

"येत न्हाई म्हनूनच म्हनतो की, पोरगं दी."

सगळी ट्रॉली हसली. वडीलही हसले, आणि हसता हसता त्यांनी मला खाली उतरवलं.

चैत्रातल्या जत्रेला आपल्या गावात नाटक व्हायचं. नटांना ओळी आठवल्या नाहीत की पडद्याआडून कुणीतरी पुस्तकात बघून हळूच सांगायचं. हे काम गुरुजींचं होतं. ते गेल्यावर तुम्ही ठरवलं, पुस्तक वाचता येत नाही तर अख्खं पुस्तक पाठ करावं. मग दिवाळी ते चैत्र, शाळा सुटली की मी माळावर यायचो आणि वाचायचो. दोन भावांच्या वाटणीचं नाटक. तुम्ही मध्येच काठी उचलायचात.

"थांब. ट्रॅक्टरवानी वाचू नगंस. बोलल्यावानी वाच. आता हा भाऊ रागाला आलाय, तुला का घाई हाय?"

मी पुन्हा वाचायचो. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली घ्यायचा, कुठं नुसतं बघायचं, हे मी मेंढरांसमोर शिकलो. पुढं मुलाखतीत समोरच्या बाईंनी विचारलं, बोलायची इतकी छान सवय कुठून लागली? मी म्हणालो, कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा असायच्या. मी एकाही स्पर्धेत भाग घेतला नव्हता बप्पा.

आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली. संक्रांतीपर्यंत तुम्हाला ते नाटक पूर्ण पाठ झालं होतं. एकदा मी चुकून दोन पानं उलटली, तर तुम्ही डोळे न उघडता मधलं सगळं म्हणून दाखवलंत आणि म्हणालात, "हां, आता तुपलं पान आलं. वाच." तरीही पुढच्या दिवाळीला तुम्ही वडलांकडं हजर. "नाटक बसवायचंय, पोरगं लागतंय." दोनदा तर तेच वाटणीचं नाटक पुन्हा बसलं. मी म्हणायचो, बप्पा, हे येतंय की तुम्हाला. तुम्ही म्हणायचात, "इसरलो रं. म्हातारं डोस्कं." बारावी होईपर्यंत चार वर्षं तुम्ही नाटक विसरत राहिलात. तुमच्या घरात तुमची गयामाय मला ताटात भाकरी वाढत राहिली, आणि मी समजत राहिलो की मी तुमचं काम करतोय.

आपला वाद अर्धाच राहिला. जत्रेत एखादा प्रवेश रंगला की माणसं उठायची, नाटक थांबवून नटाला टॉवेल-टोपीचा आहेर करायची. बाईचं काम करणाऱ्याला साडीचोळी. माईकवर नाव पुकारलं जायचं. एका वर्षी मेलेला भाऊ उठून बसला, त्यानं टोपी घालून घेतली, हात जोडले आणि पुन्हा मेला. बीडच्या कॉलेजात दोन वर्षं काढून आल्यावर मला याची लाज वाटायला लागली.

"असं मध्येच थांबवणं बरं नाही बप्पा. माणूस नाटकात गेलेला असतो, तो बाहेर येतो."

"मग पुन्हा आत जातो. दार का लावलंय कुनी?"

"नाटक संपल्यावर द्यावा ना आहेर."

"संपल्यावर कुनाला देऊ? तो तोंड धुतो, बिडी पेटवतो, त्यो कुठं त्यो राहतो? ज्यानं चांगलं केलं त्याला तवाच सांगावं इष्णू. मागून सांगायला मानूस गावंलच असं न्हाई."

मला तेव्हा ते अडाण्याचं बोलणं वाटलं. तसं मी म्हणालोही होतो, थोड्या सभ्य शब्दांत. तुम्ही मेंढराच्या पायातला काटा काढत होतात. म्हणालात, "बरं, तू शिकलाय."

मग पुणं. माझ्या नोकरीचा तिसरा महिना, अजून कायम झालो नव्हतो. रविवारची दुपार. बस बदलायला मी स्वारगेटला उतरलो. एवढ्या मोठ्या शहरात तीन महिन्यांत मला रस्त्यात ओळखीचं एक माणूस भेटलं नव्हतं. फलाटावर नुसती डोकी आणि पिशव्या. आणि त्या गर्दीत, एका खांबाला टेकून, एक लाल फेटा. फेट्याखाली हलणारे ओठ. मला वाटलं भास होतोय. हळूच मागं जाऊन म्हणालो, "दादा, वाटणीत मला विहीर नको..."

तुम्ही मान न वळवता म्हणालात, "...तुमची सावली द्या." मग वळलात. "आरं इष्णू. हितं कुठं लेका?"

तो क्षण मी पुन्हा पुन्हा काढून बघतो. त्याच्या पुढचं काहीच घडलं नसतं तर किती बरं झालं असतं.

हडपसरला तुमच्या लेकीकडं तुम्ही आला होतात. गयामायसाठी तिनं दिलेली साडी तुमच्या पिशवीत होती, हिरवी, डाळिंबी काठाची. बीडची गाडी रात्री नऊची. "तवर काय करावं? मानसं बघत बसलोय. लई हायेत." मी चहा पाजला. तुम्ही विचारलंत, "पुन्यात नाटकं रोज व्हतेत म्हनं. जत्रा नसताना बी?" मी म्हणालो, चला. माझी छाती फुगली होती. ज्या माणसाला मी नाटक वाचून दाखवलं त्याला मी खरं नाटक दाखवणार होतो.

साडेपाचचा प्रयोग होता. आपल्याला शेवटून दुसरी ओळ मिळाली. तुम्ही खुर्चीवर पाय वर घेऊन बसलात, मग बाजूच्या माणसाकडं बघून खाली सोडलेत. छताकडं बघत म्हणालात, "येवढं उंच छप्पर, आन् शाळू भरत न्हाईत ह्यात?" पिशवी मांडीवर धरली होती. तुम्हाला पाणी हवं होतं. मी आणायला बाहेर गेलो.

आणि पाण्याच्या नळापाशी आमचे साहेब उभे होते, बायकोबरोबर. रोज मी त्यांच्या केबिनच्या दारात उभा राहून बोलायचो. आज त्यांनी स्वतःहून हाक मारली.

"अरे वा, नाटक बघता तुम्ही? एकटेच आलात?"

"हो सर," मी म्हणालो.

का म्हणालो, मला आजही नीट सांगता येत नाही. विचार करून म्हणालो नाही. तोंडातून निघून गेलं. हातात तुमच्यासाठी भरलेली बाटली होती.

"मग आमच्याकडे बसा. भावाचं तिकीट वाया चाललंय. तिसरी ओळ."

घंटा झाली. मी त्यांच्यामागोमाग गेलो. मनाला सांगितलं, मध्यंतरात बप्पांना सांगतो, त्यांना काय, नाटक दिसल्याशी कारण. बाटली मी खुर्चीखाली ठेवली. दिवे मालवले गेले आणि मागं कुठंतरी, अंधारात, तुम्ही पाण्याची वाट बघत बसला होतात.

नाटकात एक आई होती. मुलगा परदेशी निघालेला. मध्यंतराच्या आधी असा प्रवेश होता की मुलगा झोपलाय आणि आई त्याची बॅग भरतेय. एक अक्षर बोलत नाही. शर्ट घेते, बाहीवरून हात फिरवते, घडी घालते, ठेवते. पुन्हा काढते, पुन्हा घडी घालते. नाट्यगृहात श्वास ऐकू येत होते. त्या पिवळ्या उजेडात ती बाई घड्या घालत होती आणि मला माझी आई भांडी पोत्यात भरताना दिसत होती. सगळं तरंगत होतं. त्या तरंगण्यात मला मधल्या वाटेनं एक फेटा पुढं येताना दिसला. खरं सांगतो बप्पा, एक क्षण मला ते नाटकातलंच वाटलं.

तुम्ही स्टेजपाशी जाऊन उभे राहिलात. दोन्ही हातांवर साडी धरलीत. तुमचा तो मागून सांगायचा आवाज, हळू, पण शेवटच्या माणसापर्यंत जाणारा.

"बाई, येवढं घ्या."

 मग कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. ती बाई थांबली. पुढं आली, गुडघ्यावर बसली, आणि तुमच्या हातातून साडी घेतली. मग उठली, वळली, साडीची घडी उलगडून पुन्हा घातली आणि बॅगेत ठेवली. शर्टांच्या वर. आणि पुढचा शर्ट उचलला. आत गेलेलं माणूस बाहेर आलंच नव्हतं.

तोवर दारावरचे दोघे टॉर्च घेऊन आले होते. एकानं तुमचा दंड धरला, खुर्च्यांकडं वळून विचारलं,

"यांच्याबरोबर कोण आहे?"

साहेबांची बायको हसत म्हणाली, "किती गोड. कुठून आलेत कोण जाणे."

"यांच्याबरोबर कोण आहे?" त्यानं दुसऱ्यांदा विचारलं.

तुम्ही टॉर्चच्या उजेडापुढं हात धरलात आणि ओळीओळीतून बघायला लागलात. पहिली. दुसरी. तिसरी. माझ्यापाशी येऊन तुमची नजर थांबली. माझ्या शेजारी साहेब होते. मी तुमच्याकडं बघत होतो आणि माझ्या तोंडात शब्द नव्हता. इतकी वर्षं कुणी ओळ विसरला की तुम्ही काय करायचात, ते मी पडद्याआडून बघितलं होतं. त्याच्या चेहऱ्याकडं एकदा बघायचात, त्याला येत नाही हे ओळखायचात, आणि त्याचं वाक्य स्वतःच घ्यायचात.

"कुनी न्हाई," तुम्ही म्हणालात. "म्या एकलाच हाय."

तुम्हाला बाजूच्या दारानं नेलं. दार उघडलं तेव्हा संध्याकाळचा उजेड पट्ट्यासारखा आत आला आणि मिटला.

मध्यंतरात साहेबांनी मला कॉफी पाजली. मी प्यालो. नाटकाचा पुढचा भाग मला आठवत नाही. सुटल्यावर पळत स्वारगेटला आलो, हातात तीच बाटली. नऊची गाडी उभी होती, तुम्ही तिच्यात नव्हतात. खिडकीवरचा माणूस म्हणाला, एक फेटेवाले बाबा मघाच्या गाडीनं गेवराईपर्यंत गेले, नऊला थेट बीडची आहे म्हटलं तरी थांबले नाहीत. गेवराईच्या स्टँडवर तुम्ही पहाटेपर्यंत बसला असाल. माझी तुमची गाठ पडू नये एवढ्यासाठी.

दिवाळीला गावी आलो तर वस्तीभर ती गोष्ट झालेली. गयामाय आल्यागेल्याला सांगत होती. "हे एकलेच गेलते नाटकाला. मपली साडी नाटकवालीला देऊन आले. मी हितं ठिगळं लावती आन् मपली साडी पुन्यात मिरवतीय." बायका हसत होत्या. तुम्ही मेंढराच्या पाठीवरची लोकर चाचपत होतात. त्या गोष्टीत मी कुठंच नव्हतो. तुम्ही मला त्यातून काढून टाकलं होतंत, अलगद, मागं धागाही न ठेवता.

मग आपण माळावर गेलो. वाटलं, आता विचारतील. तुम्ही विचारलंत, "इष्णू, त्या नाटकाचा शेवट काय झाला रं?"

मला आठवत नव्हता. मी बनवून सांगितला. म्हणालो, मुलगा जातो, आई दारात उभी राहते, पडदा पडतो.

तुम्ही काठी उचललीत. "असं न्हाई व्हनार. ती बाई तशी न्हाई. ती बॅग पुन्हा उघडंल."

"नाही उघडत बप्पा. मी बघितलंय."

"मंग लिहिनाऱ्याचं चुकलं."

त्यानंतर सहा वर्षं, प्रत्येक सुट्टीला, आपण या शेवटावर वाद घातला. मी कॉलेजातले मुद्दे काढून बोलायचो, आणि प्रत्येक वेळी माझं खोटं आणखी घट्ट व्हायचं. खरं बोलायला तोंड उघडायचो, तेवढ्यात तुम्ही एखाद्या चुकार मेंढीला हाक मारायचात. ती मेंढी खरंच चुकार असायची की नाही, मला शंका आहे. पत्र लिहावं असं कितीदा वाटलं. फोनवर तुम्हाला ऐकू यायचं नाही, आणि तुमचं म्हणणं होतं, फोनवरचं वाऱ्यावर जातं, कागदावरचं परत वाचता येतं. पण पत्र तुम्हाला दुसरं कुणीतरी वाचून दाखवणार. ओसरीत, मोठ्यानं, गयामायसमोर, वस्तीसमोर. मला ते नको होतं. म्हणजे बघा, लाज तीच होती. फक्त नाट्यगृह बदललं होतं.

दोन महिन्यांपूर्वी मी झेरॉक्सच्या दुकानात रांगेत उभा होतो. पुढं एक वयस्कर बाई हातानं लिहिलेल्या कागदांच्या प्रती काढून घेत होत्या. कागद मिळाल्यावर त्यांनी ते जुळवले, वरून हात फिरवला, घडी घातली. त्या हातांवरून मी ओळखलं. एरवी मी बोललो नसतो. पण म्हणालो, "बाई, तुम्हाला एकदा नाटकात एका म्हाताऱ्या माणसानं साडी दिली होती."

त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही होतात तिथे?"

"तिसऱ्या ओळीत."

दुकानाबाहेरच्या पायरीवर त्या माझ्याशी अर्धा तास बोलल्या. म्हणाल्या, मध्यंतरात त्यांनी दारावरच्या माणसांना पाठवून तुम्हाला आत आणवलं. तुम्ही विंगेत उभे राहिलात, इकडंतिकडं बघितलंत आणि विचारलंत, मागून सांगणारा कुठं बसतो? बाई म्हणाल्या, आमच्यात तो नसतो, सगळ्यांना पाठ असतं. "आन् एखादा इसरला तर?" तर समोरचा सांभाळून घेतो. यावर तुम्ही मान हलवलीत. म्हणालात, "हाव. आमच्याकडं बी तसंच हाय."

मग बाईंनी विचारलं, आजोबा, खरंच एकटे आलात का?

बप्पा, त्यांनी तुमचं उत्तर मला तुमच्याच बोलीत सांगितलं. नटी होत्या त्या, त्यांना आवाज लक्षात राहतो. "न्हाई. लेक हाय संगं. म्होरं बसलाय, सायबापाशी. नवं काम लागलंय त्याला. त्याला ठावं करू नका बाई. नाटक बघू द्या."

त्यांनी आणखीही दोन गोष्टी सांगितल्या. त्या पत्रात आहेत.

पत्र मी त्याच दिवशी लिहिलं. पाडव्याला येतो असंही ठरवलं होतं. पाडव्याच्या नऊ दिवस आधी तुम्ही गेलात. माळावरून आलात, पाणी मागितलंत, आणि भिंतीला टेकून बसलात ते बसलातच, असं गयामाय म्हणाली. पाणी मागितलंत, हे ऐकल्यावर मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

दहाव्याला तुमची नात कोमल माझ्यापाशी आली. अकरावीत आहे, चांगलं वाचते. म्हणाली, पत्र आलं त्या दिवशी तिनं ओसरीत सगळ्यांसमोर वाचलं. तुम्ही काठी उचललीत. "पुन्हा वाच. हितं थांबून." तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर गयामाय एवढंच म्हणाली, "बरं झालं. उगं इतकी वर्सं मी ह्या एकट्याच मानसाला बोल लावत व्हते." पुढं आठ दिवस कोमल तुम्हाला रोज वाचून दाखवत होती, आणि मग तुम्ही म्हणालात, आता नको, आलं मला. तुम्ही मेंढरांमागं ते पत्र म्हणत फिरायचात. अख्खं, वरच्या नमस्कारापासून. फक्त शेवटचं वाक्य तुम्ही म्हणायचा नाहीत. तिथं आलात की थांबायचात. कोमलनं विचारलं, हे विसरलात का बप्पा?

"न्हाई," तुम्ही म्हणालात. "ते त्याचं हाय."

ते पत्र कोमलनं मला परत दिलं. घड्यांवर कागद मऊ झालाय. खाली तसंच उतरवतो.

*

ती. लिंबाजी बप्पा आणि गयामाय यांना साष्टांग नमस्कार.

कोमल, हे पत्र मोठ्यानं वाच. घरात जे कुणी असतील त्यांना बसू दे. घाई करू नकोस, बोलल्यासारखं वाच. बप्पा सांगतील तिथं थांब.

बप्पा, आज मला ती नाटकातली बाई भेटली. तिनं तुम्हाला नमस्कार सांगितलाय. गयामाय, तुमची साडी तिच्याकडं आहे. ती म्हणाली, त्या दिवसानंतर प्रत्येक प्रयोगात तिनं ती साडी बॅगेत ठेवली. साडीशिवाय तिला तो प्रवेश जमेनासा झाला. शंभरावर प्रयोग झाले. म्हणजे तुमची साडी गावोगाव फिरली आणि रोज नाटकात होती. तुमचं म्हणणं खरं होतं.

बप्पा, नाटकाचा शेवट मी तुम्हाला खोटा सांगितला. मला तो दिसलाच नव्हता. बाईंनी सांगितला. मुलगा दारापर्यंत जातो, तेव्हा आई त्याला थांबवते, खाली बसून बॅग पुन्हा उघडते आणि सगळ्यांत वरची वस्तू काढून स्वतःपाशी ठेवून घेते. तुमचाच शेवट खरा. सहा वर्षांचा वाद तुम्ही जिंकलात. लिहिणाऱ्याचं चुकलं नव्हतं, सांगणाऱ्याचं चुकलं.

त्या दिवशी तुम्ही नाटकाला एकटे गेला नव्हतात, हे घरात सगळ्यांना कळू द्या. मी तुम्हाला घेऊन गेलो होतो. तुम्हाला मागं बसवून मी पुढं साहेबांजवळ बसलो. दारावरच्या माणसानं दोनदा विचारलं आणि मी दोन्ही वेळा गप्प बसलो. तुम्ही मला बघितलंत आणि माझं वाक्य तुम्ही घेतलंत. तुम्ही चार वर्षं नाटक विसरलात म्हणून मी शिकलो, हेही मला आता कळलंय. तुम्ही म्हणायचात, ज्यानं चांगलं केलं त्याला तेव्हाच सांगावं. मला फार उशीर झाला. तरी सांगतो. तुम्ही फार चांगलं केलंत बप्पा.

पाडव्याला येतो. माळावर बसू. तुम्ही मला गाळून सांगितलेली ती गोष्ट पुन्हा सांगा, या वेळी माझ्यासकट.

कोमल, आता उभी राहा आणि पुढचं एक वाक्य दारापर्यंत ऐकू जाईल असं वाच. ते मला त्या दिवशी म्हणायचं होतं.

यांच्याबरोबर मी आहे.